मावशीचं कडं आणि सडेफटिंग न्यूट्रॉन

सांधेदुखीवर उतारा म्हणून मावशीने जर्मेनियमचं कडं घेतलं. "यातून ऊर्जा निघते म्हणे. खरं का रे?" मी म्हटलं, निघते की, पाच वर्षांतून एकदा. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

हिशेब खरा होता. निसर्गात मिळणाऱ्या जर्मेनियमपैकी जवळपास ८ टक्के अणू जर्मेनियम-७६ चे असतात आणि ते किरणोत्सारी आहेत. अर्धायुष्य सुमारे २ वर २१ शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. मग मोजायला इतका वेळ थांबलं कोण? कुणीच नाही. अर्धायुष्य ही अणूची एक्स्पायरी डेट नव्हे, निम्मे अणू मोडायला लागणारा काळ आहे. किलोभर जर्मेनियम-७६ मध्ये ८ वर २४ शून्यं इतके अणू असतात. एवढ्या गर्दीत रोज सात-आठ मोडतातच. कड्यात ग्रॅमभर जर्मेनियम धरलं, तर पाच वर्षांत एक. मावशीच्या स्वतःच्या अंगातल्या पोटॅशियमचे अणू सेकंदाला काही हजार मोडतात, तेही फुकट.

पण इतकं सावकाश का? इथे मला राहवत नाही. शाळेतला बीटा ऱ्हास आठवा: न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या भाररहित, अतिहलक्या कणाचा प्रतिकण) बाहेर पडतात. जर्मेनियम-७६ मध्ये ३२ प्रोटॉन, ४४ न्यूट्रॉन, दोन्ही सम. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी जमवतो, आणि जोडी जमली की एकूण ऊर्जा उतरते. एक न्यूट्रॉन बदलला तर ३३ आणि ४३, म्हणजे दोन्हीकडे एकेक सडाफटिंग. हे झालं आर्सेनिक-७६, आणि त्याची ऊर्जा जर्मेनियमपेक्षा सुमारे ९२० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टने (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) जास्त. पाणी चढाला वाहत नाही, तसा हा ऱ्हास होत नाही. त्यापलीकडचं सेलेनियम-७६ मात्र ३४ आणि ४२ चं, पुन्हा सगळे जोडीत, आणि जर्मेनियमच्या २०३९ ने खाली. तिथे पोचायचं तर दोन न्यूट्रॉन एका दमात बदलायला हवेत, म्हणजेच दुहेरी बीटा ऱ्हास व्हायला हवा. आर्सेनिकची पायरी क्वांटम नियमांनुसार क्षणभर उसनी मिळते, तिच्यावर टेकता येत नाही. बीटा ऱ्हास घडवणाऱ्या, मुळातच दुबळ्या क्षीण बलाला हे काम लागोपाठ दोनदा करावं लागतं.

फर्मीचा बीटा ऱ्हासाचा सिद्धान्त जेमतेम वर्षाचा असताना, १९३५ मध्ये, मारिया गोपर्ट मायर यांनी हे कागदावर मांडलं आणि अर्धायुष्य १ वर १७ शून्यांहून अधिक वर्षं येईल असं काढलं. प्रयोगशाळेत हा ऱ्हास थेट दिसला १९८७ मध्ये, सेलेनियम-८२ मध्ये.

१९३९ मध्ये वेंडेल फरी यांनी पुढचा प्रश्न टाकला. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ मायोराना म्हणतात तसा न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल, तर प्रतिन्यूट्रिनो न निघता दोन इलेक्ट्रॉनच बाहेर पडू शकतील आणि सगळे २०३९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट तेच घेऊन जातील. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली गेर्डा प्रयोगाने हे शोधलं. एकही खात्रीची नोंद नाही. म्हणजे या न्यूट्रिनोविना ऱ्हासाचं अर्धायुष्य १.८ गुणिले १० चा २६ वा घात, याहून जास्त.

त्यावरून न्यूट्रिनोचं वस्तुमान काढायचं तर केंद्रकाचा 'मॅट्रिक्स एलिमेंट' लागतो: सुरुवातीचं आणि शेवटचं केंद्रक एकमेकांशी किती जुळतात, त्याचा आकडा. शेल मॉडेल (केंद्रकातले कण कवचांत मांडून हिशेब करणारी पद्धत) एक सांगतं, दुसरी पद्धत त्याच्या दुप्पट-तिप्पट. अर्धायुष्यात त्याचा वर्ग येतो, म्हणजे तिपटीची चूक नऊपट होते. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हाच ऱ्हास शोधायला कथिल-१२४ साठी, हो, कल्हईचंच कथिल, अतिशीत संवेदक बनवण्याचं काम झालं. तिथेही हीच अडचण आहे: ज्याचं मॉडेल, त्याचा आकडा.