गिअरबॉक्सचं ऑइल आणि ‘लाइफटाइम’ हा शब्द

ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल कधी बदलायचं, असं विचारलं की सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार म्हणतो, ‘‘सर, याला बदलायची गरजच नाही, लाइफटाइम आहे.’’ कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, ‘‘साठ हजार किलोमीटरला बदलून टाका.’’ आणि ज्याची जुनी ऑटोमॅटिक नुकतीच भंगारात गेलीय असा एखादा मित्र हमखास बजावतो, ‘‘एवढं रनिंग झाल्यावर हात लावू नकोस, ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो.’’ तिघांपैकी कुणी थापा मारत नसतो. ही उत्तरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गिअरबॉक्सच्या अनुभवातून तयार झाली आणि आज एकाच गाडीवरून भांडतायत.

मुळात हे ऑइल वंगण कमी आणि कामगार जास्त. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दात्यांवर दाते घासू नयेत, एवढं पाहिलं की त्याचं काम झालं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाने भरलेल्या जोडातून पुढे जाते ती या तेलातूनच. त्याच्याच दाबावर आतले क्लच आवळले जातात. उष्णता उचलून कूलरपर्यंत नेतं तेही तेच. वर एक अवघड कसरत आहेच: बेअरिंगपाशी घसरू द्यायचं, क्लचच्या चकत्यांपाशी मात्र धरायचं, आणि धरायचं तेही गचका न बसेल इतक्या बेताने. नुसत्या खनिज तेलाला हे जमत नाही, त्यात मिसळलेल्या रसायनांना जमतं. तेल जागेवरच असतं, रसायनं मात्र हळूहळू खर्च होतात.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो ५७ डॉलर जादा देऊन मिळायचा. तो घडवणाऱ्या चमूचा प्रमुख अर्ल थॉम्प्सन. मॅन्युअल गाडीचे गिअर सोपे करणारं सिंक्रोमेश हेही त्याचंच काम. मग युद्ध आलं आणि हाच गिअरबॉक्स कॅडिलॅकच्या इंजिनांसोबत हलक्या रणगाड्यांत बसला. युद्ध संपल्यावर कंपनीने ‘रणांगणावर पारखलेला’ म्हणून जाहिरात केली, आणि गिऱ्हाइकं आली.

गाड्या वाढल्या तसं हे तेल जनरल मोटर्सच्या डीलरपुरतं ठेवून भागेना. पेट्रोल पंपावरही ते मिळायला हवं आणि योग्यच मिळायला हवं, म्हणून १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे मानक आलं. तेल कंपन्यांनी आपले नमुने शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडे पाठवायचे, पास झालं की डब्यावर ‘एक्यू-एटीएफ’ आणि एक क्रमांक छापायचा. तेलाला लाल रंग द्यायचा, म्हणजे ते इंजिन ऑइलमध्ये मिसळलं जात नाही आणि गाडीखाली डाग पडला तर गळती कुठली ते लगेच कळतं. आजही बहुतेक डब्यांतलं तेल लाल निघतं ते त्यामुळे. या काळात तेल कधी बदलायचं यावर वाद नव्हता. पुस्तिकेत आकडा असायचा, डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची दांडी, बॉनेटखाली हाताशी असायची, कित्येक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरलासुद्धा तेल सोडायचा नट असायचा.

पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासातला सर्वात विलक्षण वाटतो, कारण त्यात देवमासा आहे. क्लच मऊपणे लागावा म्हणून तेलात जे घर्षण सुधारक घालत, त्यात स्पर्म व्हेलच्या तेलाला तोड नव्हती. या देवमाशाच्या डोक्यातलं तेल म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत पातळ मेण. ते तापमानाला टिकतं आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं. म्हणजे साठीच्या दशकात एखादी भलीमोठी अमेरिकन गाडी लोण्यासारखे गिअर बदलत असे, त्यात व्हेलच्या शिकारीचाही वाटा होता. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, १९७३ च्या कायद्याने ती वाट पक्की बंद केली, आणि तेल बनवणाऱ्यांची धावपळ उडाली. जोजोबाच्या बियांचं तेल तेव्हाच एकदम प्रकाशात आलं, कारण तेही पातळ मेणच. जनरल मोटर्सचं १९६७ चं ‘डेक्सरॉन’ मानक बदलून ‘डेक्सरॉन-दोन’ आलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीने कूलरमधल्या डाखाच्या जोडांनाच गंज चढवला, म्हणून थोड्याच वर्षांत ती सुधारावी लागली. तेलाच्या डब्यावर नाव तेच, आतली पाककृती वेगळी, हा प्रकार तेव्हापासूनचा.

‘लाइफटाइम’ हा शब्द जर्मन कंपन्यांनी आणला असं आपल्याकडे समजतात. तो त्याहून जुना आहे. फोर्डचं ‘टाइप एफ’ तेल १९६७ चं. फोर्डच्या १९७४ च्या वर्कशॉप पुस्तिकेत कारखान्यातून ‘लाइफटाइम’ तेल भरून येतं असं छापलंय. त्याच तेलाची पुढे वेगवेगळी मानकं आली आणि गेली, शब्द मात्र राहिला.

तोवर जनरल मोटर्सच्या पुस्तिकांनी वेगळी वाट धरली होती, आणि माझ्या मते आजच्या प्रश्नाचं सर्वात प्रामाणिक उत्तर तिथेच आहे. ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या वेळापत्रकात दोन आकडे असत. साध्या वापराला १,६०,००० किलोमीटर. कठीण वापराला २५,०००. कठीण म्हणजे काय? घाटरस्ते, ट्रेलर ओढणं, टॅक्सी, आणि ‘जिथे तापमान नेहमी ३२ अंशांवर जातं अशा शहरातली गर्दी’. डेट्रॉइटमध्ये बसून कुणीतरी नागपूरचा मे महिना किंवा कात्रजची संध्याकाळ लिहून ठेवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे बहुतेक गाड्या ज्या परिस्थितीत चालतात ती तिकडे अपवादाच्या रकान्यात होती. पण विक्रीच्या वेळी सांगितला जातो तो पहिला आकडा.

तापमानावर एवढा जोर का, तर तेल जुनं होणं ही रासायनिक क्रिया आहे आणि ती उष्णतेत झपाट्याने वाढते. वर्कशॉपमध्ये फिरणारा जुना अंदाज असा, की तेल ८० अंशांच्या आसपास राहिलं तर लाख-दीड लाख किलोमीटर चालावं, आणि त्यावर दर ११ अंशांना आयुष्य निम्मं व्हावं. तो अंदाजच आहे, पण दिशा बरोबर आहे. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे रांगताना कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळलं जातं, वारा लागत नाही आणि कूलर कमी पडतो. किलोमीटर मात्र आकड्यावर दोनच चढतात.

नव्वदीत डिपस्टिक गेली. मर्सिडीजने १९९६ पासून बसवलेल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये नळी होती, पण आत दांडी नव्हती, वर फक्त सीलबंद टोपण. तेल आयुष्यभरासाठी भरलंय असं सांगितलं गेलं, आणि काही वर्षांत त्याच गिअरबॉक्ससाठी ६०,००० किलोमीटरला बदलण्याची सूचना आली. बीएमडब्ल्यूनेही आपल्या गाड्यांवर ‘लाइफटाइम’ची पट्टी लावली. गंमत अशी की तिचे कित्येक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा बदला म्हणते. गिअरबॉक्स तोच, तेल तेच. एक जण वॉरंटीचा काळ आणि जाहिरातीतला देखभाल खर्च मोजतो, दुसरा क्लचच्या चकत्या.

तरी कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. दांडी ठेवली की कुणीतरी दांडीच्या नळीतून भलतंच तेल ओतणार, हे त्यांनी पाहिलं होतं. क्रायस्लरचा १९८९ चा चार गिअरचा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स तिच्या स्वतःच्या तेलावर बेतलेला, पण लोकांनी सवयीने डेक्सरॉन टाकलं, आणि थरथरणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागल्या. नवी सिंथेटिक तेलं आधीच्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात हेही खरं.

आपल्याकडे ऑटोमॅटिक बराच काळ ‘मोठ्या लोकांची’ गाडी होती. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी आली आणि चित्र बदललं, पण गोंधळही वाढला. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. त्यात हे लाल तेल नसतंच. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं, दोन क्लच असलेल्या ड्युअल क्लचचं वेगळं. फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लचचं नाव डीएसजी; त्यातल्या सहा गिअरच्या ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचवाल्याला ६०,००० किलोमीटरची मुदत, तर सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्याला नाही. त्या सात गिअरवाल्यात २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या बोलावून सिंथेटिक तेल काढलं आणि खनिज तेल भरलं, कारण उष्ण, दमट हवेत तेलामुळे विजेच्या भागात बिघाड होत होता. म्हणजे ‘सिंथेटिकच चांगलं’ हेही सरसकट म्हणता येत नाही.

राहिला मित्राचा ‘हात लावू नकोस’. तो मुख्यतः अशा गाड्यांवरून आलाय ज्यांचे मालक गिअर घसरायला लागल्यावरच तेल बदलायला जात. क्लच आधीच संपलेले. जुन्या तेलातला चकत्यांचा बारीक चुरा थोडीफार पकड देत होता, तोही निघून गेला, आणि बदनाम झालं नवं तेल. मशीन लावून जोरात सगळं धुवून काढण्याच्या पद्धतीनेही त्यात भर घातली. म्हणून मला चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडून थोडं थोडं बदलणंच पटतं. ९ लिटरच्या गिअरबॉक्समधून एका वेळी ४ लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकतं. म्हणजे पहिल्यांदा ४४ टक्के नवं, मध्ये गाडी चालवून तिसऱ्यांदा केलं की साधारण ८३ टक्के.

माझ्या गाडीचं ७२,००० ला केलं. फोरमनने आदल्या रात्रीच गाडी ठेवून घेतली. पातळी मोजायची ती तेल चाळीसेक अंशांवर असताना, आणि एप्रिलमध्ये चालत आलेली गाडी तेवढी थंड व्हायला दुपार उजाडते, असं त्याचं म्हणणं. सकाळी चेंबर उतरवलं. तेल लाल नव्हतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, पण करपल्याचा वास नव्हता. चेंबरमधल्या लोहचुंबकांवर राखाडी चिखलाचा थर होता. त्याने तो दोन बोटांत चोळून पाहिला. ‘‘टोचत नाही. चुरा बारीक आहे, चालायचंच.’’ निघालेलं तेल त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत मोजून भरलं, तेवढंच नवं ओतलं, नवी पॅकिंग लावून चेंबर बसवलं, आणि इंजिन चालू ठेवून तेलाचं तापमान पाहायला स्कॅनर लावला. ३१, ३४, ३८. चाळीसला त्याने पातळी तपासायचा खालचा नट काढला. आधी धार आली, मग धार बारीक झाली, मग थेंब. थेंबांमध्ये अंतर पडायला लागलं तसा त्याने नट आवळला आणि फडक्याला हात पुसले.