जुन्या पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल बदलला, तर ब्रिटनमध्ये एमओटी माफी मिळते का?

ब्रिटनमध्ये ४० वर्षं उलटलेल्या गाडीला दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का याची सक्तीची तपासणी, करून घ्यावी लागत नाही. मात्र गेल्या ३० वर्षांत तिच्यात ‘मोठा बदल’ झालेला नसावा, ही अट २० मे २०१८ पासून आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडखळतात. समजा, १९७२ च्या शेवरले सी-१० पिकअपला फोर्ड एक्सप्लोररचा डिस्क ब्रेकवाला अ‍ॅक्सल बसवला. माफी गेली का?

नुसता अ‍ॅक्सल बदलल्याने जात नाही. सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा प्रकार बदलला का, हे पाहिलं जातं. सी-१० च्या मागे बहुधा कॉइल स्प्रिंग असते आणि एक्सप्लोररचा अ‍ॅक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसणारा. अ‍ॅक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका कापून तो गाडीच्या मूळ आर्मवर बसवला, तर प्रकार तोच राहतो. चासीलाच पाटे लावले, तर प्रश्न उभा राहतो. तरी एक महत्त्वाची सवलत आहे: अ‍ॅक्सल आणि त्याच्याशी जोडलेल्या भागांतला बदल सुरक्षितता किंवा कार्यक्षमता वाढवण्यासाठी केला असेल, तर तो चालतो. मूळ प्रकारचे भाग आता सहज मिळत नाहीत, म्हणून केलेला बदलही चालतो.

अर्ज असा वेगळा नाही. रोड टॅक्स भरताना मालकानेच जाहीर करायचं असतं. पोस्टात जात असाल तर व्ही११२ हा घोषणापत्राचा फॉर्म आणि गाडीचं व्ही५सी, म्हणजे लॉगबुक, सोबत घ्या. टॅक्स शून्य असला तरी तो दरवर्षी काढावाच लागतो. सुट्या भागांची बिलं आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो कोणी मागत नाही, पण मी ते जपून ठेवायला सांगेन. सही तुमची असते. शंका असेल तर ऐतिहासिक वाहनांच्या जाणकाराचं मत आधी घ्या. वय किंवा मूळ ओळख पटत नाही अशा गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो; तिला ही वाट सहसा नाही. साडेतीन टनांवरच्या ट्रकचे नियमही वेगळे आहेत.

आता हँडब्रेक. अ‍ॅक्सल बदलला की सगळ्यात आधी तोच निकामी होतो, कारण गाडीची जुनी केबल नव्या अ‍ॅक्सलच्या लिव्हरला जुळत नाही. एक्सप्लोररच्या डिस्कच्या आत छोटा ड्रम आणि त्याचे वेगळे शू असतात, ते काढून टाकू नका. अ‍ॅक्सलसोबत आलेल्या केबल ठेवा आणि त्या गाडीच्या पुढच्या केबलला इक्वलायझरमार्फत, म्हणजे ओढ दोन्हीकडे वाटणाऱ्या दुव्यामार्फत, जोडा. दोन्ही बाजूंना ओढ सारखी आली पाहिजे. त्याऐवजी ब्रेकच्या पाइपात दाब कोंडणारा लाइन-लॉक लावणं मला मुळीच मान्य नाही. तेल जरा झिरपलं की चढावर गाडी सुटते. पार्किंग ब्रेकची पकड लिव्हर-केबलनेच टिकली पाहिजे.

माफी मिळाली तरी गाडी रस्त्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली, तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ दंडगुण लागू शकतात. म्हणून अ‍ॅक्सल बदलल्यावर एकदा तरी स्वखुशीने एमओटी करून घ्या. ब्रेक तपासायच्या रोलरवर हँडब्रेकची पकड गाडीच्या वजनाच्या किती टक्के, हा आकडा मिळतो: ब्रेकची दुहेरी सर्किट (तेलाच्या दोन वेगळ्या लाइन) असलेल्या गाडीला किमान १६ टक्के, एकेरी असेल तर २५ टक्के. १९७२ च्या सी-१० ला दुहेरी सर्किट आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीची पिकअप असेल, तर २५ धरूनच केबल ताणा.