यती (कवितेच्या ओळीतला थांबा)

यती म्हणजे कवितेच्या ओळीत मधेच येणारा ठरलेला थांबा. अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघू (हलकी) आणि गुरू (जड) अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तात, तो कुठे घ्यायचा हे मोजून दिलेलं असतं: शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरं, यती 12 नंतर, शिखरिणीत 17, यती 6 नंतर, मंदाक्रांतेत 4, 6, 7 असे तुकडे. मेघदूत मंदाक्रांतेतच आहे, चार गुरू अक्षरं रेंगाळतात, मग पाच लघू भराभर पळतात आणि परत चाल संथ होते, विरहाला याहून बरी चाल मिळणं कठीण.

आपल्याकडे यती सगळ्यात जास्त ऐकू येतो तो लग्नात. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात, आणि ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही बरोब्बर शेवटची सात अक्षरं, म्हणजे आधी श्वास घेऊन मगच आशीर्वाद. बडोद्यात दांडिया बाजारकडच्या मराठी घरांतलं लग्न घ्या, कुणीतरी हौशी काका स्वतः अष्टक रचून आणणार आणि ते समजा असं असेल:

आले आज समस्त धावुन बडोद्याचे सगेसोयरे

गण (लघू-गुरूंचे तीन-तीन अक्षरी गट) चोख आहेत, पण बारावं अक्षर ‘डो’, त्यामुळे माइकवर ऐकू येतं ‘बडो… द्याचे सगेसोयरे’. आता हे सोयरे काय द्यायचे ते देवच जाणे! शब्द असा मधे तुटला की त्याला यतिभंग म्हणतात आणि जुने लोक तो दोषच मानतात.

वृत्ताचा थांबा आणि अर्थाचा थांबा एकाच जागी आले की ओळ ठाम वाटते, वेगळे पडले की ओढाताण होते, आणि चांगला कवी ती मुद्दाम करतो. अर्थाचा थांबा किती फिरवू शकतो बघा: ‘तो आला नाही, म्हणाला’ आणि ‘तो आला, नाही म्हणाला’. शब्द तेच, पण एकात माणूस आलाच नाही, दुसऱ्यात येऊन नकार देऊन गेला.

मराठी वृत्तांचा पद्धतशीर अभ्यास म्हटलं की कवी माधव जूलियनांचं ‘छंदोरचना’ (1927, वाढवलेली आवृत्ती 1937) येतंच, आणि त्यांचा जन्म बडोद्याचा, 1894 चा. राजकवी चंद्रशेखरही बडोदा संस्थानचेच, तेव्हा वृत्तांवर बडोदेकरांनी थोडा हक्क सांगितला तर चालेल.

अभंगात गणांची कटकट नाही, मोठ्या अभंगात 6-6-6-4 असे अक्षरांचे तुकडे, शेवटचा आखूड, तिथे टाळ वाजायला जागा मिळते. मुक्तछंदात मोजलेला यती नाहीच, तिथे कवी ओळ कुठे तोडतो, स्वल्पविराम कुठे देतो यावरच सगळं, आणि वाचणाऱ्याने तिथे न थांबता गडबडीत पुढे रेटलं तर कविता निव्वळ गद्य होते.