पगार वाढलाय, खरं पुरंना: वास्तव वेतन का थबकले, याची पार्श्वभूमी

कोल्हापुरी बोलीत 'खरं' या शब्दाचा एक अर्थ 'पण' असा आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना चहाच्या गाड्याशी थांबलं, तर एक वाक्य हमखास कानावर येतं: "पगार वाढलाय, खरं पुरंना झालाय." अर्थशास्त्राची पुस्तकं याच गोष्टीला रोख वेतन आणि वास्तव वेतन अशी दोन नावं देतात. हातात किती रुपये पडले हे रोख वेतन. त्या रुपयांत किती ज्वारी, किती तेल, किती घरभाडं आणि पोराची किती फी भागली, हे वास्तव वेतन.

हिशेब घालायला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आहे. १९८२ साली शंभर रुपयांत जो बाजार व्हायचा, त्याला २००१ साली ४६३ रुपये लागत होते. २००१ च्या शंभरासाठी २०१६ मध्ये २८८ लागले आणि २०२५ च्या उत्तरार्धात ४२० च्या आसपास. समजा, २००१ मध्ये एखाद्या मोल्डरला, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्याला, महिन्याला ३,००० रुपये पडत होते आणि आज त्याच भट्टीसमोर उभ्या असलेल्या त्याच्या मुलाला १२,६०० पडतात. घरात कौतुक होईल, पगार चौपट झाला म्हणून. वास्तव वेतन मात्र चोवीस वर्षांत तसूभर हललेलं नाही. मधल्या काळात भट्टी कोळशाची विजेची झाली, साचे यंत्रावर पडू लागले, एका माणसामागे निघणारं ओतीव काम वाढलं. हे वाढलेलं उत्पादन गेलं कुठे, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर एका गाठीत आहे: पगाराची महागाईशी आणि उत्पादनाशी बांधलेली गाठ. ती कुणाची बांधली गेली, कुणाची कधीच बांधली गेली नाही आणि बांधलेली कशी सुटली, हाच वेतनाचा इतिहास.

ही गाठ मारण्याचा पहिला मोठा झगडा १९१८ मध्ये अहमदाबादेत झाला. प्लेगच्या साथीत कामगार पळून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी प्लेग बोनस दिला होता. साथ ओसरली तशी तो काढून घ्यायचं ठरलं. पण महायुद्धामुळे भाव भडकलेले होते. कामगारांची मागणी ५० टक्के वाढीची, मालकांची तयारी २० टक्क्यांची. गांधीजींच्या उपोषणानंतर प्रकरण लवादाकडे गेलं आणि ३५ टक्क्यांवर मिटलं. महागाई वाढली तर ती एकट्या मजुराने सोसायची नाही, हे तत्त्व तिथे रुजलं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्ता नेहमीचा झाला आणि निर्देशांकाशी जोडला गेला.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये उभी केलेली शाहू मिल ही इथली मोठी गिरणी, तिच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ लागायचं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रांताचे कामगार कायदे इथे आले. तोपर्यंत १९४८ चा किमान वेतन कायदाही झाला होता. त्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये मांडलं होतं. किमान वेतन कशाला म्हणायचं, हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरवलं: कमावता धरून तीन मोठ्या माणसांइतकं खाणारं कुटुंब, प्रत्येकाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं आणि जळण-दिव्यासाठी २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात त्यात शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के घातले. कागदावर ही गाठ भक्कम आहे, इतकी की ती वाचून गहिवरून यावं.

पण कोल्हापूरचा कारखानदारीचा पसारा मोठ्या गिरणीभोवती वाढलाच नाही. तो वाढला उसाच्या चरकांची, गुऱ्हाळाच्या सामानाची आणि तेलाच्या इंजिनांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींच्या हातून. शिवाजी उद्यमनगरात शेड शेजारी शेड उभी राहिली. मालक स्वतः लेथवर, कामगार गावातलाच, बऱ्याचदा नात्यातला. या घरोब्याचे फायदे होते. दवाखान्याला, लग्नाला उचल मिळायची, आणि हातात कसब असलेला माणूस दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शेडमध्ये जाऊ शकायचा. पगाराची बोली मात्र तोंडीच राहिली. पाच-दहा माणसांच्या शेडमध्ये युनियन टिकत नाही, भत्त्याचा तक्ता भिंतीवर लागत नाही. म्हणजे देशभर संघटित कामगाराची गाठ पक्की होत होती, त्याच काळात इथल्या बहुसंख्यांची गाठ मारलीच गेली नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नंतर देशात जे घडलं, ते लहान कारखान्यांच्या गावांनी आधीच पाहिलेलं होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर कधी मिटलाच नाही, विरून गेला. त्या हरण्याचे पडसाद गिरणगावापुरते उरले नाहीत. काम गिरणीतून यंत्रमागाकडे, कायम नोकरीतून ठेक्याकडे सरकण्याला वेग आला. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, पण २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ठेका पद्धत बंद झाली तरी ठेक्यावरचे कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. त्यानंतर ठेका हा कायमचा मार्ग झाला. वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे कारखान्यांतल्या कामगारांत ठेक्यावरच्यांचं प्रमाण शतकाच्या सुरुवातीला सुमारे २० टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ४० टक्क्यांच्या वर गेलं. कारखान्यांत तयार होणाऱ्या निव्वळ मूल्यातला (मालाच्या किमतीतून कच्चा माल, इंधन आणि यंत्रांची झीज वजा जाता उरतं ते) कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ३० टक्के होता. २००८ च्या सुमारास तो १० टक्क्यांच्या आसपास आला. नंतर थोडा सावरला, पण जुन्या जागी गेला नाही. मोल्डरच्या मुलाचं वाढलेलं उत्पादन कुठे गेलं, याचं बरंचसं उत्तर या एका घसरणीत आहे.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावात हे कसं दिसतं? एकाच शेडमध्ये, एकाच मोल्डिंग लाईनवर तिघे उभे असतात. एक कायम, एक ठेकेदाराचा, एक ट्रेनी. काम एकच, पगार तीन. फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाचे काठ घासून साफ करायच्या धुळीच्या कामाला, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली पोरं. आपली पोरं काम करत नाहीत म्हणून बाहेरची आली, असं इथे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्या पगारात, त्या धुळीत घर चालत नाही म्हणून गावचा पोरगा थांबत नाही, आणि ज्याच्या गावात तेवढेही मिळत नाहीत तो येतो. आर्थर लुईस या अर्थतज्ज्ञाने १९५४ मध्ये हेच मांडलं होतं: शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात तोवर कारखान्याला जुन्याच मजुरीवर हवी तेवढी माणसं मिळत राहतात.

मालकाची बाजूही सांगितली पाहिजे. लहान फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, मालक स्वतः दर ठरवत नाही. वाहन कंपन्या किलोमागे भाव देतात. पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) किंवा भंगार महागलं तर भाव सुधारून मिळतो, मजुरी वाढली म्हणून सहसा नाही. वरून विजेचा दर. कर्नाटकात वीज स्वस्त म्हणून तिकडे जाण्याची भाषा इथल्या उद्योजकांनी उगाच केलेली नाही. पण ज्याला वरून दाबलं जातं, तो खाली दाबतो, आणि सगळ्यात खाली जो असतो त्याच्या खाली कुणी नसतं.

ही साखळी उघड्या डोळ्यांनी पाहायची तर इचलकरंजीला जावं. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे अख्खं गाव मागांच्या खडखडाटावर जगू लागलं. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग मात्र 'खर्चीवाल्या'चा. तो पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर, ठरलेल्या मजुरीने कापड विणून देतो. त्याच्या हाताखालचा कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत एका वेळी अनेक माग सांभाळतो आणि त्याला पैसे मिळतात मीटरवर. माग बंद पडला, वीज गेली, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपलं, तर मजुरी शून्य. मीटरवरच्या मजुरीला महिना नसतो, म्हणून महागाई भत्ता जोडायचा कशाला, हा प्रश्नच अवघड होऊन बसतो.

तरीही इचलकरंजीच्या कामगारांनी तो सोडवायचा प्रयत्न केला. २०१३ च्या सुरुवातीला त्यांनी महिनाभराहून जास्त दिवस माग बंद ठेवले. तडजोडीतून असं ठरलं की महागाई भत्त्यात जी वाढ होईल तिचं रूपांतर दरवर्षी ५२ पिकाच्या मीटरमागच्या पैशांत करायचं आणि मजुरी तेवढी वाढवायची. मला हा करार देशातल्या मोठमोठ्या वेतन करारांच्या तोडीचा वाटतो, कारण पगाराची चिठ्ठीही नसलेल्या माणसांनी निर्देशांकाशी गाठ मारून घेतली. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून वाढ जाहीर व्हायची, आणि मंदीमुळे ती परवडत नाही असं मागधारक म्हणायचे. खर्चीवाल्याला व्यापारी पिकाची मजुरी वाढवून देत नसेल, तर तो तरी आणणार कुठून? गाठ खालच्या दोन टोकांत बांधली गेली, वरचं टोक मोकळंच राहिलं.

उसाच्या फडातही तसंच. हंगामात कोल्हापूरच्या कारखान्यांवर बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच मजुरी विकलेली. दर टनावर. २०२४ च्या जानेवारीत तोडणीदरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. आकडा मोठा दिसतो, पण अशी वाढ काही वर्षांतून एकदा, तीही कोयता बंद ठेवल्यावर येते, आणि महागाई दर महिन्याला येते.

ग्रामीण मजुरी एकदा खरोखर चढली होती, ते विसरू नये. साधारण २००७ ते २०१३ या काळात बांधकामं जोरात होती आणि रोजगार हमीचा देशव्यापी कायदा २००६ पासून अमलात आला होता. त्याचं मूळ आपल्या शेजारचंच: वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात केलेला प्रयोग, १९७२ च्या दुष्काळातली कामं आणि १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा. मजुराला दुसरीकडे काम मिळू शकतं एवढ्यानेच बांधावरची मजुरी हलली. २०१४ नंतर तो चढ थांबला. लागोपाठ दोन अवर्षणं, बांधकामाची मंदी, नोटाबंदी, जीएसटीची घाई, मग २०२० ची टाळेबंदी. शेतीतल्या कामकऱ्यांचं देशातलं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४६ वर गेलं. माणसं कारखान्यातून पुन्हा रानात आली. लुईसच्या सिद्धांताचं चाक उलटं फिरलं.

त्याचा परिणाम जानेवारी २०२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत आहे. २०१७-१८ ते २०२३-२४ या सहा वर्षांत पगारी पुरुषांचं वास्तव वेतन ६.४ टक्क्यांनी घटलं, पगारी स्त्रियांचं १२.५ टक्क्यांनी. स्वयंरोजगारातल्या स्त्रियांची कमाई ३२ टक्क्यांनी कमी झाली. कामावर येणाऱ्या बायका वाढल्या, हे खरं. पण त्यातल्या पुष्कळजणी घरच्या शेतात, घरच्या धंद्यात, बिनपगारी किंवा नाममात्र कमाईवर आहेत. रोजंदारीवरच्या पुरुषांची वास्तव मजुरी याच काळात वाढली, मात्र ती मुळातच तळाशी होती. याच पाहणीत दुसरी बाजूही आहे. शेअर बाजाराच्या निफ्टी ५०० या निर्देशांकातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा नफा २००२-०३ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४.८ टक्के झाला. उत्पादकता वाढली नाही म्हणून पगार वाढला नाही, हे स्पष्टीकरण या दोन बाजू शेजारी ठेवल्या की मला पुरेसं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. देशभरासाठी एक तळवेतन ठरवण्याची तरतूद तिच्यात आहे आणि कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. त्याआधीचं राष्ट्रीय तळवेतन होतं दिवसाला १७६ रुपये, २०१७ मध्ये ठरलेलं आणि नंतर तिथेच राहिलेलं. २०१९ मध्ये केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने ३७५ रुपये सुचवले होते. ते सोडा, फक्त २०१७ च्या १७६ रुपयांची ताकद जागेवर ठेवायची, तरी निर्देशांकाच्या हिशेबाने २०२५ अखेर सुमारे २६५ रुपये लागतात. संहितेत किमान वेतनाच्या फेरआढाव्याची मुदत जुन्या कायद्यासारखीच आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं.