मीटर फिरला म्हणजे पैसा आला का?

गोव्यात वीज वाटणारी कंपनी नाही. सरकारचं वीज खातंच तारा ओढतं, मीटर बसवतं आणि बिलं काढतं, त्यामुळे त्याचा शेअर बाजारात मिळायचा प्रश्नच नाही. पण आपल्या घरात येणारी बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल अशा लांबच्या केंद्रांत एनटीपीसी तयार करते आणि पॉवर ग्रिडच्या तारांवरून ती इकडे पोचते. या दोन्ही कंपन्यांचे शेअर ‘सरकारी आहे, लाभांश देते, बुडणार नाही’ अशा भरवशावर घेतले जातात. घेणारा नफा पाहतो, लाभांश पाहतो. मी वीज कंपनीचा अहवाल उघडला की आधी रोख प्रवाहाचं पान काढतो आणि त्यातली पहिली बेरीज वाचतो: कामकाजातून हाती आलेली निव्वळ रोकड, म्हणजेच ऑपरेटिंग कॅश फ्लो.

याचं कारण हिशेबाच्या रीतीत आहे. वीज पुरवली की ती विक्री म्हणून लगेच वहीत चढते. बिल भरलं जाईल पुढच्या महिन्यात, किंवा वर्षभराने, किंवा कधीच नाही. एक काल्पनिक वितरण कंपनी घेऊ. वर्षाची विक्री १,००० कोटी, वीजखरेदी ७००, पगार आणि दुरुस्ती १२०, घसारा (यंत्रं-तारा झिजतात त्याचा वर्षाचा वाटा) ८०, व्याज ६०. कर बाजूला ठेवला तर नफा ४० कोटी. आता समजा त्या वर्षात ग्राहकांकडची थकबाकी १५० कोटींनी वाढली. म्हणजे प्रत्यक्ष आले ८५० आणि खर्चापोटी गेले ८२०. हातात उरले ३० कोटी, आणि व्याज तर ६० कोटींचं. नफ्यातली कंपनी एकही नवा खांब न रोवता कर्ज काढायला बँकेत उभी.

या उदाहरणातला घसारा नीट पाहण्यासारखा आहे. तो खर्च म्हणून वजा होतो, पण त्या वर्षी खिशातून काही जात नाही. म्हणून रोकड काढताना तो नफ्यात परत मिळवतात. वीज उद्योगात त्याला आणखी एक अर्थ आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनियमांत प्रकल्पाचा खर्च साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल असा धरला जातो, आणि त्या वर्षी मंजूर झालेला घसारा हीच त्या वर्षाची कर्जफेड मानली जाते. मार्च २०२४ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांत यंत्रसामग्रीवर पहिली १२ वर्षं घसारा बहुतांशी ५.२८ टक्क्यांनी मिळतो, उरलेला पुढच्या आयुष्यावर पसरतो. थोडक्यात, ग्राहकाच्या बिलातूनच कर्जाचे हप्ते सुटतात. एवढ्या मोठ्या कर्जाखाली या कंपन्या ताठ उभ्या राहतात त्याचं गुपित बरंचसं इथे आहे. मात्र बिलाचे पैसे आले तरच! घसारा कागदावर मंजूर झाला म्हणून बँकेचा हप्ता भरला जात नाही.

एक खाचखळगा इथेच सांगून टाकतो. भारतीय लेखामानक ७ प्रमाणे वीज कंपनी भरलेलं व्याज कामकाजात धरत नाही, ते वित्तपुरवठ्याच्या भागात खाली जातं. अमेरिकी पद्धतीत ते कामकाजातूनच वजा होतं. त्यामुळे तिकडच्या पुस्तकातलं गुणोत्तर उचलून इकडच्या आकड्याला लावलं की आपली कंपनी आहे त्याहून धट्टीकट्टी दिसते. आधी व्याज वजा करा, मग तुलना करा.

आणि एका वर्षावर तर अजिबात जाऊ नका. वरच्याच कंपनीने वीज उत्पादकाचे २०० कोटी मार्चअखेर थकवले असते तर तिची रोकड ३० वरून २३० कोटींवर गेली असती, कारभार काडीचाही न सुधारता. देशात हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. जून २०२२ मध्ये उशिरा भरण्यावरच्या अधिभाराचे नवे नियम आले तेव्हा वितरण कंपन्यांकडे सुमारे १.४ लाख कोटी रुपये थकले होते. ते जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडायची मुभा मिळाली. पुढच्या वर्षांत ज्या उत्पादकांकडे हे हप्ते आले, त्यांची रोकड नफ्यापेक्षा फुगली. ते जुनं येणं होतं, नवी कमाई नव्हे. मूडीजसारखी पतमापन संस्था म्हणूनच अशा कंपन्यांचं कर्ज तोलताना खेळत्या भांडवलातले, म्हणजे रोजच्या येण्या-देण्यातले, हे चढउतार बाजूला काढून मग रोकड पाहते. आपणही तीन-पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर निम्मं काम होतं.

रोकड खोटं बोलत नाही, असं म्हणणाऱ्यांना आपल्या शेजारच्या दाभोळ वीज प्रकल्पाची आठवण द्यावी. तो प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीने २००० सालच्या अहवालात नफा ९७.९ कोटी डॉलर आणि कामकाजाची रोकड जवळजवळ ४७८ कोटी डॉलर दाखवली होती. त्यात बँकांकडून घेतलेली उचलही होती, मालाच्या आगाऊ विक्रीचा मुखवटा चढवलेली. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नफ्याच्या पाचपट रोकड दिसली तर ती कुठून आली हे टिपणांत शोधायलाच हवं.

उलट, रोकड नवीन वाहिन्यांच्या खर्चाला पुरत नाही म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. पारेषण कंपनी, म्हणजे पॉवर ग्रिडसारखी वीज वाहून नेणारी, वाढत असते तेव्हा ती कर्ज काढणारच. व्याज भागतंय का, आणि जुन्या तारा बदलण्यापुरतं स्वतःचं उरतंय का, एवढं पाहावं. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस असताना हा दुसरा खर्च टाळून टळत नाही.

वीज खात्याचं काय? त्याचा ताळेबंद बाजारात येत नसला तरी संयुक्त वीज नियामक आयोगापुढे ते दरप्रस्ताव मांडतं, त्यावर गोव्यात जाहीर सुनावणी होते. दरवाढीचा तक्ता सगळे पाहतात. त्याच कागदांत किती बिलं काढली आणि किती वसूल झाली तेही असतं, आणि महसुलातली तूट राज्याच्या अर्थसंकल्पातून भरून काढल्याची ओळही. कंपनी असती तर ती तूट तिच्या कामकाजाच्या रोकडीत उणे चिन्ह लावून बसली असती. इथे ती पर्वरीला विधानसभेत अर्थसंकल्पाबरोबर मंजूर होते.