'देवी', 'मरी' आणि भरवसा

दुखणे देवाच्या हातून आले असेल, तर त्या हातावर भरवसा कसा ठेवायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत हा प्रश्न प्रवचनांआधी आजारांच्या नावांतून आला.

अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणत. उशाशी लिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, आजाऱ्याशी बोलणेही हलक्या आवाजात. शेजारच्या कानडी घरांत 'अम्मा' हा शब्द होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला देशातली देवी रोगावरची पहिली लस टोचली गेली. पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली, तेव्हा टोचण्यालाही लोक 'देवी काढणे' म्हणू लागले. याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. जी आली तिच्या हाती जीव आहे आणि ती आई आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात मावत होत्या. खरा घाव दुसरीकडे होता. मूल गेले की बाईलाच विचारत, 'सोवळे कुठे मोडलेस?' देवीकडे बोट जाऊ नये म्हणून ते आईकडे वळे.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मरीआई वेगळी. तिचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकलणार.

बेळगावात १८२० पासून ख्रिस्ती मिशनचे काम सुरू झाले. मराठी बायबलमध्ये साथीच्या रोगासाठी 'मरी' हाच शब्द आहे. शब्द तोच, पण इथे ती कुणाची आई नाही, देवाच्या सत्तेखाली आहे. ईयोबाच्या पुस्तकात देवाला 'सर्वसमर्थ' म्हटले आहे. अंगभर गळवे झालेल्या ईयोबाला मित्र सांगतात, तुझेच पाप असणार. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. मुलाच्या मरणाचा दोष माथी आलेल्या बाईला याहून मोठा दिलासा कोणता? तरी आजही खाटेजवळ बसून 'स्वतःला तपासा' सांगणारे भेटतात, देवळातले आणि चर्चमधलेही. देवाचा चांगुलपणा जपायला आजाऱ्याला गुन्हेगार ठरवावे लागत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग लवकरच या भागातही पोचला आणि माणसे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिली. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. रोग गेला, 'कुठे चुकले?' हा प्रश्न राहिला. आता तो 'भोग' या शब्दाआड असतो. कॅन्सर, डायलिसिस, अर्धांगवायू, सगळे 'माझे भोग'. काहींना त्या शब्दाने धीर येतो. काही जण तो ऐकून भिंतीकडे तोंड करतात.

२०२० मध्ये कोरोनामुळे वारी थांबली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. देवळे आणि चर्चही बंद होती. २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागत. ज्यांची दवाखान्याची वाट कोल्हापूर-मिरजेची, त्यांना तो नाका फार जड गेला. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. तेव्हा फोन आजाऱ्याच्या कानाशी धरून कुणी हरिपाठ ऐकवला, कुणी बायबलमधले तेविसावे स्तोत्र. त्या फोनवर कुणी कुणाला 'कुठे चुकले?' विचारत नव्हते.