डॉनर तांड्यातील स्त्रिया अधिक संख्येने का वाचल्या?

१८४६ साली अमेरिकेत बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे स्थलांतराला निघालेल्या कुटुंबांच्या डॉनर तांड्याने जवळची म्हणून सांगितली गेलेली हेस्टिंग्जची वाट धरली आणि तिथेच घात झाला. वासॅच डोंगरातील झाडी तोडून गाड्यांना रस्ता करण्यात दिवसांमागून दिवस गेले, पुढच्या खाऱ्या वाळवंटात बैल गमावले आणि सिएरा नेवाडा पर्वतरांगेची खिंड गाठेपर्यंत बर्फाने वाट बंद केली होती.

तांड्यातील ८७ जणांपैकी जवळपास निम्मे दगावले. मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रेसन यांनी या मृत्यूंची वय, लिंग आणि कुटुंबानुसार मांडणी केली, तेव्हा ५३ पुरुषांपैकी ३०, तर ३४ स्त्रियांपैकी केवळ १० मरण पावल्याचे दिसले. याची मुळे शरीररचनेत आहेत. स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, ती उपासमारीत इंधन पुरवते आणि त्वचेखालचा तिचा थर उष्णता राखतो. शिवाय लहान चणीच्या शरीराला रोजचे अन्नही कमी लागते. तरुण पुरुषांनी तर बर्फात अडकण्यापूर्वीच रस्ते खोदून आणि गाड्या ओढून आपला साठा संपवत आणला होता.

बर्फात अडकल्यावर पडलेल्या छावणीतले अन्न कसले होते, हेही पाहायला हवे. बैल संपल्यावर त्यांच्या कातड्यावरचे केस भाजून काढत आणि ते कातडे तासन्‌तास उकळून त्याचा खळीसारखा चिकट लगदा गिळत. हा लगदा म्हणजे मुख्यतः जिलेटिन. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळपास नसते आणि चरबी तर नाहीच, त्यामुळे पोट भरले तरी शरीराची झीज थांबत नाही.

डिसेंबरमध्ये १० पुरुष आणि ५ स्त्रिया बर्फावर चालण्याचे घरगुती जोड पायांना बांधून, जेमतेम सहा दिवसांच्या शिध्यावर मदत आणायला निघाल्या. महिनाभराने वस्ती गाठली ती पाचही स्त्रियांनी आणि दोनच पुरुषांनी. यातील सर्वच मृत्यू भुकेचे नव्हते. वाटाड्या म्हणून सोबत असलेल्या लुईस आणि साल्वाडोर या दोन मूलनिवासी तरुणांना सोबत्यांनीच गोळ्या घालून त्यांचे मांस खाल्ले, आणि या कथेतील हा सर्वांत मोठा अन्याय मृत्युदराच्या तक्त्यात दिसत नाही.

ग्रेसन यांच्या मांडणीतील मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटणारा भाग कुटुंबाचा आहे. एकट्याने आलेले, ऐन तारुण्यातले धडधाकट पुरुष बहुतेक मेले, तर मोठ्या कुटुंबांसोबत असलेले अधिक प्रमाणात तगले, कारण तिथे उरलेले कातडे वाटून घेतले जाई आणि अंथरुणाला खिळलेल्यासाठी सर्पण आणायला कोणीतरी उठत असे.